हात कधी काढून घ्यायचा? स्वमग्न मुलांना रोजचे व्यवहार शिकवताना

स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाल्यावर आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुधा "आमचं बाळ बोलेल का?" हा असतो. पुढची कित्येक वर्षे शाळा, स्पीच थेरपी आणि दवाखाने यांत निघून जातात, मुलाला मिसरूड फुटू लागते, आणि मग दुसरा प्रश्न पुढे येतो: "आमच्या माघारी याचं कसं व्हायचं?" या दोन प्रश्नांच्या मधल्या काळात आंघोळ, कपडे, चहा, दुकान, रस्ता असे शिकवण्याजोगे कितीतरी विषय येऊन गेलेले असतात, पण ते शिकवायचे विषय आहेत असे कोणाला वाटलेलेच नसते, कारण ती सगळी कामे आई, आजी किंवा बहीण करून टाकत असते.

मी कोल्हापुरात विशेष शिक्षिका म्हणून काम करते. माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे आणि आता तो तिशीत आहे. घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी हा विषय जवळून पाहताना माझे एक मत पक्के झाले आहे, आणि तेच येथे मांडायचे आहे. स्वमग्न व्यक्तीला एखादे काम शिकवायला घेताना आपण मदत कशी करणार याबरोबरच ती मदत कोणत्या क्रमाने काढून घेणार, हेही सुरुवातीलाच ठरवले पाहिजे. ते ठरवले नाही तर आपली मदत हाच त्या कामाचा एक भाग होऊन बसतो, आणि मुलगा ते काम कोणीतरी सांगितल्यावरच करायचे असते, एवढेच शिकतो.

आपल्याकडे रोजचे व्यवहार मुलांना मुद्दाम शिकवण्याची पद्धत नाही. मूल आईच्या मागे स्वयंपाकघरात फिरते, थोरल्या भावाबरोबर दुकानात जाते आणि पाहता पाहता शिकते. स्वमग्न मुलांच्या बाबतीत नेमका हाच रस्ता अरुंद असतो. दुसऱ्याचे पाहून, त्याच्या मनातला हेतू ओळखून, न सांगता ते काम उचलणे त्यांना कठीण जाते. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हाच सगळे काही जसेच्या तसे असावे हा या मुलांचा आग्रह त्यांनी ठळकपणे नोंदवला होता. आवाज, स्पर्श, वास, उजेड यांच्या जाणिवेतील वेगळेपणाला मात्र निदानाच्या निकषांत स्पष्ट जागा मिळायला २०१३ उजाडले. त्या वर्षी अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती निघाली. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी अत्यंत महत्त्वाच्या आहेत. जसेच्या तसे ठेवण्याचा आग्रह हा शिकवण्यातला अडथळा आहे तसाच आधारही आहे, कारण एकदा क्रम नीट बसला की ही मुले तो सहसा मोडत नाहीत. आणि जाणिवांचे वेगळेपण लक्षात घेतले नाही, तर आपण ज्याला हट्ट म्हणतो तो प्रत्यक्षात वेदनेपासून दूर जाण्याचा प्रयत्न आहे, हे आपल्याला कळतच नाही.

आंघोळीचे उदाहरण मी थोडे विस्ताराने देते, कारण त्यात जवळजवळ सगळे येते. "आंघोळ करून घे" ही आपल्याला एक सूचना वाटते. परंतु कागद-पेन्सिल घेऊन बसले की ती वीस-बावीस छोट्या कामांची मालिका असल्याचे दिसते. कपडे आणि टॉवेल घेणे, दाराला कडी लावणे किंवा न लावणे, बादली नळाखाली ठेवणे, पाणी काढणे, पहिला तांब्या कोठे ओतायचा, साबण कोणत्या क्रमाने कोठे लावायचा, आणि अंगावरचा साबण पूर्ण गेला आहे हे कशावरून ओळखायचे, असे सगळे त्यात असते. यांपैकी माझ्या भावाची गाडी नेहमी अडत असे ती पाण्याला विसण घालण्यापाशी. गरम पाण्यात गार पाणी किती मिसळायचे याचे उत्तर आपण "अंगाला सोसेल इतके" असे देतो. ज्याची त्वचा कधी कोमट पाण्यालाही चटका म्हणते आणि कधी कढत पाण्याचीही दखल घेत नाही, त्याच्यासाठी या उत्तराला काही अर्थ नाही.

म्हणून आम्ही बादलीच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने दोन रेघा ओढल्या, खाली निळी आणि वर लाल. आधी गार पाणी निळ्या रेघेपर्यंत घ्यायचे आणि मग गीझरचे गरम पाणी लाल रेघेपर्यंत भरायचे. हा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. गार पाणी आधी पडल्यामुळे मध्येच लाईट गेली, कोणी हाक मारली किंवा त्याचे लक्ष उडाले तरी बादलीत निव्वळ कढत पाणी कधीच राहत नाही. गीझरचे तापमानही आम्ही कमी करून ठेवले, कारण सुरक्षितता कधीही शिकणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर सोडू नये. थंडीच्या दिवसांत पाणी थोडे कडक लागते, तेव्हा निळी रेघ खाली आणण्याची वेळ आली. परंतु ओढलेली रेघ पुसून दुसरीकडे ओढणे भावाला मुळीच मान्य झाले नाही. तेव्हा थंडीसाठी वेगळ्या रंगाची बादली आणली आणि तिच्यात रेघा वेगळ्या ठेवल्या. दिवाळीनंतर हिरवी बादली निघते आणि होळी झाली की निळी. या व्यवस्थेवर त्याने आजवर कधीही आक्षेप घेतलेला नाही.

शिकवण्याची सुरुवात मात्र पाण्यापासून केली नव्हती. ती सर्वांत शेवटच्या कामापासून केली, म्हणजे ओला टॉवेल दोरीवर वाळत घालण्यापासून. आधीचे सगळे आम्ही करून द्यायचो आणि शेवटची एवढीच पायरी त्याने करायची. ती अंगवळणी पडली की तिच्या आधीची पायरी त्याच्याकडे सोपवायची, मग त्याच्याही आधीची. विशेष शिक्षणात या पद्धतीला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. तिचा फायदा असा की मूल दर वेळी काम पूर्ण करूनच थांबते. पहिल्या पायरीपासून सुरुवात केली तर मुलाने थोडेसे करायचे आणि पुढचे आपण घाईने उरकायचे असा प्रकार होतो, आणि मुलाच्या वाट्याला कायम अर्धवट काम येते. शर्टाची बटणे, चपलेचा बंद, पांघरुणाची घडी, डबा भरणे अशा कितीतरी कामांना हीच पद्धत लागू पडते. काही कामे अशी असतात की त्यांना सुरुवातीपासूनचाच क्रम सोयीचा असतो, आणि काही मुलांना सगळ्या पायऱ्या एकदमच दाखवाव्या लागतात. कोणते काम कोणत्या बाजूने शिकवायचे हे मूल पाहूनच ठरवावे.

आता मदतीविषयी. एखाद्याचा हात धरून करून घेणे ही सर्वांत मोठी मदत. मनगटाला नुसता स्पर्श करणे ही त्याहून कमी, बोटाने दाखवणे त्याहूनही कमी. तोंडाने सांगणे ही आपल्याला सर्वांत हलकी मदत वाटते. अनुभव मात्र असा आहे की तीच काढून घेणे सर्वांत कठीण जाते. हात काढला की काढला. बोलणे घरातून काढता येत नाही. आपल्या घरांत तर एका मुलाभोवती चार माणसे बोलत असतात. आमची आजी बाथरूमच्या बाहेरून रोज विचारायची, "पाठ चोळलीस का रं बाळा?" तिच्या आवाजात माया होती, आणि भावाने तो प्रश्न आंघोळीचीच एक पायरी म्हणून स्वीकारला होता. ती गावी गेली की तो साबण हातात धरून पुढच्या प्रश्नाची वाट पाहत उभा राहायचा. त्यावर आम्ही बाथरूमच्या आत प्रत्येक पायरीच्या छायाचित्रांची लॅमिनेट केलेली पट्टी लावली आणि आजीला विनंती केली की तिने प्रश्न न विचारता दाराबाहेर नुसते बसावे, नंतर थोडे लांब बसावे, आणि पुढे देवघरात जाऊन पोथी वाचावी. आजीने ते मनापासून पाळले. चित्रपट्टीचा गुण असा की ती थकत नाही, आवाज चढवत नाही, घाई करत नाही, आणि भिंतीवर कायम राहिली तरी कोणाचे काही बिघडत नाही. आपणही यादी घेऊनच बाजारात जातो; मग स्वमग्न माणसाच्या यादीला कुबडी का म्हणायचे, हे मला कधीच पटलेले नाही.

पालकांना मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. सूचना दिल्यावर थांबावे. मनातल्या मनात दहापर्यंत आकडे म्हणावेत. पुष्कळ मुलांना ऐकलेले शब्द समजून घेऊन हालचालीत उतरवायला वेळ लागतो, आणि तो वेळ मिळण्याआधीच आपण तीच सूचना वेगळ्या शब्दांत पुन्हा देतो. मुलाच्या दृष्टीने ती नवी सूचना असते आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मोठ्या माणसांनी गप्प राहणे हे या सगळ्यातले सर्वांत अवघड कौशल्य आहे, आणि ते मुलाने शिकायचे नसून आपण शिकायचे आहे.

एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी आपोआप येत नाही, ही स्वमग्नतेतली फार मोठी अडचण आहे. शाळेच्या वर्गात प्लॅस्टिकच्या नाण्यांनी खोटे दुकान मांडून हिशेब शिकवला जातो, आणि तो मुलगा गल्लीतल्या दुकानात गेला की गोंधळतो. तेथे नाणी वेगळी असतात, मागे गर्दी असते, दुकानदार फोनवर बोलत असतो. म्हणून जे काम जेथे करायचे आहे, ते शक्यतो तेथेच, खऱ्या वस्तूंनी आणि खऱ्या वेळी शिकवावे. भावाला आम्ही गल्लीतल्या किराणा दुकानात ब्रेड आणायला शिकवले. दुकानदारकाकांना आधीच भेटून सांगितले की तो चिठ्ठी पुढे करील, त्याने ती पुढे करेपर्यंत आपण वस्तू काढू नये आणि तो आपल्याकडे पाहत नसला तरी ऐकत असतो. काकांनी सगळे समजून घेतले आणि काम सुरळीत होऊ लागले. परंतु एके दिवशी गल्ल्यावर काकांऐवजी त्यांचा मुलगा बसला होता, तर भाऊ चिठ्ठी तशीच घेऊन परत आला. त्याच्या लेखी तो शिकला होता ते काकांकडून ब्रेड आणणे. तेव्हापासून मी प्रत्येक काम मुद्दामच दोन-तीन ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांसमोर, वेगवेगळ्या वेळी करवून घेते, आणि मुलाला ते येते असे म्हणण्याची घाई करत नाही.

पैशांच्या बाबतीत एक साधी युक्ती फार उपयोगी पडते. किंमत ४३ रुपये असेल तर ४३ नेमके मोजून देणे हे काम अवघड आहे. त्याऐवजी ४३ मधला ४ पाहायचा, दहाच्या चार नोटा मोजायच्या, आणि त्यांवर आणखी एक ठेवायची. बेरीज-वजाबाकी न येणाऱ्या पण दहापर्यंत मोजता येणाऱ्या व्यक्तीला एवढ्यावर पुष्कळ खरेदी करता येते. मोड किती परत आली हे सुरुवातीला घरी तपासावे. ओळखीच्या दुकानापासून सुरुवात करण्याचे कारणही तेच आहे. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय काही तरुणांना अधिक सोपी जाते, मात्र त्या खात्यात थोडीच रक्कम ठेवावी आणि पिन कोणालाही सांगायचा नाही, हा धडा वेगळा आणि पुन्हा पुन्हा द्यावा.

रस्त्याच्या बाबतीत मी कोणतीही घाई करत नाही. राजारामपुरीतल्या गल्ल्यांना क्रमांक आहेत, आणि आकड्यांची आवड असलेल्या एका विद्यार्थ्याला मी त्या आकड्यांच्या आधारे घरापासून क्लासपर्यंतचा रस्ता शिकवला. तेथेही मदत काढून घेण्याचे टप्पे आधीच कागदावर लिहिले होते: हात धरून चालणे, हात न धरता शेजारून चालणे, दोन पावले मागून चालणे, पलीकडच्या कोपऱ्यावर उभे राहणे. मुख्य रस्ता ओलांडण्याच्या टप्प्यावर आम्ही अजून शेजारूनच चालतो, आणि त्याला तशी मदत कायम लागली तरी त्यात कमीपणा नाही. काही मदत काढून घ्यायची नसतेच. ती कोणती, हेही योजनेतच ठरते.

शाळेच्या वर्गातही हाच विचार वेगळ्या रूपात उपयोगी पडतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या टीच या कार्यक्रमाने जगभरच्या शिक्षकांना एक मोलाची गोष्ट दाखवून दिली: काय करायचे, किती करायचे, संपले हे कशावरून कळणार आणि त्यानंतर काय आहे, या चार प्रश्नांची उत्तरे समोर डोळ्यांना दिसली की स्वमग्न विद्यार्थी बराच शांत होतो आणि स्वतःहून कामाला लागतो. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. डावीकडच्या टोपलीत करायचे काम, उजवीकडच्या टोपलीत झालेले काम, आणि डावी टोपली रिकामी झाली की काम संपले, एवढी मांडणीही पुरते. घरी आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयचा असाच उपयोग करतो. दिवस संपला की भाऊ त्या चौकटीवर फुली मारतो, आणि पाहुणे येणार, दवाखान्यात जायचे, शाळेला सुट्टी अशी चित्रे आधीच त्या त्या चौकटीत चिकटवलेली असतात. गणपतीच्या मिरवणुकीचे दिवसही त्याच्यावर असतात. विसर्जनाच्या दिवशी साऊंड सिस्टीमच्या भिंती रस्त्यावर उभ्या राहिल्या की आमच्या घराच्या खिडक्या थरथरतात, आणि तो आवाज भावाला अक्षरशः सोसत नाही. तेव्हा कान झाकणारे हेडफोन, आतली खोली आणि आधीपासून दिलेली पूर्वकल्पना यांवाचून दुसरा उपाय नाही. आवाज कमी करण्याची विनंती मंडळांना करणे हेही मी माझे काम समजते.

ज्या मुलांना बोलता येत नाही किंवा फार थोडे बोलता येते, त्यांना चित्रांच्या साहाय्याने संवाद शिकवल्यास ती बोलायची थांबतील, ही भीती निराधार आहे. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये विकसित केलेल्या पेक्स पद्धतीत मूल हव्या असलेल्या वस्तूचे चित्र समोरच्या माणसाच्या हातात देते आणि त्या बदल्यात ती वस्तू मिळवते. यात महत्त्वाचे आहे ते मुलाने स्वतः सुरुवात करणे, आपण "काय पाहिजे?" असे विचारल्यावर उत्तर देणे नव्हे. म्हणून या पद्धतीच्या पहिल्या टप्प्यात समोरचा माणूस बोलतच नाही, आणि मदत करणारा दुसरा माणूस मुलाच्या मागे बसतो. आयआयटी मुंबईत तयार झालेले जेलो हे ॲप मराठीतही चालते, आणि त्यातली चित्रे आपल्या घरांतल्या वस्तूंची असल्यामुळे मुलांना ती पटकन ओळखू येतात.

वयात येण्याच्या काळाविषयी घरांत मौन असते, ते सोडले पाहिजे. मुलीची पाळी सुरू होण्याच्या आधीपासूनच चड्डीला पॅड चिकटवणे, तो काही वेळ अंगावर ठेवणे, कागदात गुंडाळून टाकणे हे सरावात आणावे. पहिल्याच दिवशी रक्त, कळा, नवा स्पर्श आणि घाबरलेली आई हे सगळे एकदम समोर आले तर त्या मुलीने काय करावे? मुलांच्या बाबतीत दाढी, आणि कोणती गोष्ट बंद खोलीतच करायची याचे नियम स्पष्ट शब्दांत सांगावेत. आडून सुचवलेले या मुलांपर्यंत पोहोचत नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा असून तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्येच प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेथे एखाद्या स्वमग्न मुलाला प्रवेश द्यायला शाळा कचरते तेव्हा मला विशेष वाईट वाटते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात जातात. तेथे वापरल्या जाणाऱ्या इसा या भारतीय मापनश्रेणीत ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण असतात, आणि एकूण ७० किंवा त्याहून अधिक गुण आले की स्वमग्नता धरली जाते. तो आकडा मुलाचे भविष्य आहे असे समजू नये. १२० गुणांचा मुलगा चहा करू शकेल की नाही, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. तसेच स्टेम सेल किंवा तत्सम उपचारांनी स्वमग्नता बरी होते, या दाव्याला शास्त्रीय आधार नाही. त्यासाठी दागिने गहाण ठेवणाऱ्या कुटुंबांना मी हात जोडून थांबवले आहे.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. त्याखालच्या निरामय आरोग्य विम्यातून १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, आणि मूल १८ वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे करता येतो. या समितीत जिल्हाधिकाऱ्यांबरोबर नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. २०१६ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकून मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडली आहे, म्हणजे विशिष्ट निर्णयासाठी, विशिष्ट मुदतीपुरते आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून दिलेले पालकत्व. मला ही तरतूद फार महत्त्वाची वाटते, कारण सह्या आणि बँकेच्या व्यवहारातही मदत किती आणि कोठपर्यंत, हा प्रश्न ती विचारायला लावते.

शिकवणीची दुसरी बाजूही येथे सांगितली पाहिजे. स्वतः स्वमग्न असलेल्या अनेक प्रौढांनी गेल्या काही दशकांत स्पष्ट शब्दांत लिहिले आहे की डोळ्यांत डोळे घालून पाहण्याची सक्ती, हात फडफडवण्यावर बंदी आणि दिवसभर चालणारी आज्ञापालनाची कवायत यांनी त्यांचे नुकसान झाले. त्यांचे म्हणणे शिकवणाऱ्या प्रत्येकाने ऐकावे. माझा भाऊ आनंदात असला की बोटे नाचवतो. त्याने कोणाचे काही अडत नाही, आणि ते थांबवण्यात मी एक मिनिटही घालवणार नाही. एखादे कौशल्य शिकवायला घेण्यापूर्वी ते कोणाच्या सोयीसाठी आहे, हे मी स्वतःला विचारते. बटणे लावता आली तर त्याची सोय होते. पाहुण्यांसमोर हात मांडीवर ठेवून बसता आले तर सोय होते ती आमची.

याच कारणासाठी माझ्या यादीत 'नको' म्हणणे हे आंघोळीइतकेच वरचे कौशल्य आहे. सगळ्यांचे ऐकणारे मूल आपल्याला गुणी वाटते, पण जो मुलगा कोणालाही नकार देऊ शकत नाही, त्याच्याकडून कोणीही काहीही करवून घेऊ शकते. म्हणून अगदी लहान वयापासून आवडीच्या आणि नावडीच्या वस्तू समोर धरून, नावडीची वस्तू हाताने बाजूला सारणे, मान हलवणे, चित्र देणे किंवा तोंडाने म्हणणे, यांपैकी जे जमेल ते शिकवावे. आणि त्याने नकार दिला की ती वस्तू खरोखर बाजूला करावी. हे शेवटचे पाळले गेले नाही तर पहिल्याला अर्थ नाही. घरच्यांना हे जड जाते. औषध, दात घासणे, रस्त्यावर हात धरणे अशा गोष्टींत नकार चालणार नाही हे खरे आहे, म्हणून त्या ठिकाणी आम्ही निवड देतो: आधी औषध की आधी पाणी, निळा ब्रश की पिवळा.

आमच्या नात्यात लग्न असले की भावाला कार्यालयात नेणे हा पूर्वी सगळ्या घराचा घोर असायचा. आता आम्ही त्याच्यापुढे त्या दिवसाची चित्रे ठेवतो: रिक्षा, सीमांतपूजन, अक्षता, जेवणाची पंगत, फोटो, परत घर. त्याला नको असतील ती चित्रे तो काढून टाकतो. तो बहुधा अक्षता आणि जेवण ठेवतो, फोटो नेहमी काढून टाकतो, आणि गेल्या खेपेला त्याने जेवणही काढून टाकले. आईला ते रुखरुख लावून गेले, "चार माणसांत जेवला असता तर बरं वाटलं असतं की," असे ती म्हणाली. तरीही तिने ते चित्र परत ठेवले नाही. अक्षता पडल्यावर ओळखीचे रिक्षावाले मामा ठरल्या वेळी दारात उभे होते, आणि मी त्याच्याबरोबर घरी आले. त्याने कुकरमधला वरण-भात स्वतः वाढून घेतला, ताट घासून पालथे घातले आणि कालनिर्णयवर त्या दिवसाची फुली मारली.